बाजाराच्या चौथ्या दिवशी लो-कार्ब का मोडतं: खेड्यातल्या स्वयंपाकघरातले दोष आणि त्यांची दुरुस्ती

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. शुगर वाढली म्हणून किंवा वजन उतरवायचं म्हणून लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं (पीठ-साखर कमी असलेलं) जेवण धरलं, भाकर-भात कमी केला. तीन दिवस बरे गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट भरेना, दुपारी डोकं जड झालं, संध्याकाळी चिवड्याच्या डब्यात हात गेला आणि रात्री पुन्हा दोन भाकरी. पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून सुरुवात. घरचे म्हणतात, मनावर ताबा नाही. पण बहुतेक वेळा दोष बाजाराच्या थैलीत असतो. गावात बाजार आठवड्यातून एकदाच भरतो आणि भाजी मात्र जुन्याच जेवणाच्या हिशेबानं येते. ती चौथ्या दिवशी संपते. मग घरात उरतात कणिक, ज्वारी, तांदूळ, तुरीची डाळ, बेसन आणि आलू. यातलं काहीही चुलीवर चढवलं तरी ताटात कार्बच येणार.

म्हणून पहिलं काम निदानाचं. पथ्य कधी मोडतं ते बघा. बाजारापासून चौथ्या-पाचव्या दिवशी मोडत असेल तर भाजी कमी पडते आहे. रोज चार वाजता मोडत असेल तर सकाळच्या जेवणात प्रथिनं आणि तेल कमी आहे. रात्रीच मोडत असेल तर घरात दोन वेगवेगळे स्वयंपाक करायची वेळ येते आहे आणि करणारी बाई थकली आहे. आणि पथ्य मोडत नाही तरी शुगर हलत नाही असं असेल, तर बेसन, डाळ, फुटाणे आणि चहातली साखर मोजून बघा.

सुरू करण्याआधी

हे आधी वाचा, स्वयंपाकाचं नंतर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना भाकर निम्मी केली आणि औषध तेवढंच ठेवलं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणं अडखळतं. अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून लगेच प्यायची आणि १५ मिनिटांनी परत मोजायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी कार्ब फार खाली नेले तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी शुगर फार वाढलेली दिसेलच असं नाही. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास ही त्याची लक्षणं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तोही डोस बदलावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. असा रुग्ण उपाशी राहिला किंवा अंगातलं पाणी कमी झालं तर त्रास उसळू शकतो. शिवाय सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी एचबीएवनसी तपासणी असते, तिच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. घरात कोणाला सिकलसेल असेल, अगदी वाहक असला तरी, डॉक्टरांना ते आधी सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर बघा.

किती खाली जायचं? दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कार्ब असलं की सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमचा प्रकार, ज्याला किटो म्हणतात, तो खेड्यातल्या सामाईक चुलीवर टिकवणं फार कठीण. इथला सगळा हिशेब १०० ग्रॅमच्या आसपासचा आहे: ४० ग्रॅम पिठाची एक लहान भाकर (२८ ग्रॅम), साडेचारशे ग्रॅम भाजी (२० ते २५), एक वाटी वरण (१७), वाटीभर दही (१०-११), कांदा-टमाटर (८), शेंगदाणे-जवस (६) आणि बिनसाखरेच्या दोन चहातलं दूध (५). भाकर यात आहे, हे लक्षात घ्या. ती पूर्ण बंद केली की आठवडा निघतो, महिना निघत नाही.

थैलीचा हिशेब

भाकरीसोबत भाजी खाणारा माणूस दिवसाला दोनशे-अडीचशे ग्रॅम भाजी खातो. भाकर कमी केल्यावर त्यालाच साडेचारशे ते पाचशे ग्रॅम कच्ची भाजी लागते. सात दिवसांचे तीन-साडेतीन किलो झाले. म्हणजे घरात जेवढे जण लो-कार्ब करणार, त्या प्रत्येकासाठी दोन किलो भाजी नेहमीपेक्षा जास्त आणायची. पालेभाजीचं वजन धरताना निवडल्यावर मेथी निम्मीच उरते हेही धरा. फूलकोबीचा दांडा फेकू नका, सोलून बारीक चिरला तर तोही शिजतो.

नेमकी चूक क्रमात होते. बाजारातून आल्यावर वांगी आणि लौकी (दुधी) पटकन शिजवली जातात, कारण निवडायचा व्याप नाही. मेथी तिसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि गुरांपुढे जाते. क्रम उलटा ठेवा. पहिले दोन दिवस मेथी, पालक, चुका, शेपू, अंबाडी. मधले दिवस भेंडी, बरबटीच्या शेंगा, गवार, दोडके, ढेमसं, कारलं, वांगी, फूलकोबी. शेवटचे दोन-तीन दिवस पानकोबी, लौकी, कोहळं, मुळा. पानकोबीचा एक घट्ट गड्डा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. त्याला हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलेलं बरं. पालेभाजी बाजार भरताना घ्या, टणक भाज्या दिवस मावळताना स्वस्त मिळतात तेव्हा घ्या.

फ्रिज नसेल तर भाजी न धुता ठेवायची. जुडीची दोरी सोडून सडकं पान काढून टाकायचं, सुती कापडात सैल गुंडाळायची आणि वरून ओलं पोतं. हा उपाय मार्च ते मेमध्ये चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते आणि पोत्यातलं पाणी उडताना गारवा देतं. पावसाळ्यात तेच पोतं भाजी सडवतं. तेव्हा बांबूच्या टोपलीत, वाऱ्याच्या जागी, पसरून ठेवा. जागा असेल तर विटांची दुहेरी भिंत रचून मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत रेती भरा, रेती सकाळ-संध्याकाळ भिजवा आणि वर ओल्या पोत्याचं झाकण टाका. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेला हा बिनविजेचा शीतकक्ष आहे. उन्हाळ्यात भाजीला त्यानं आणखी काही दिवस मिळतात. पिकलेले टमाटर आणि केळी पालेभाजीजवळ ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूनं पानं लवकर पिवळी पडतात.

पावसाळ्यात तरोटा, काटवलं, घोळ, माठ धुऱ्यावर आणि रानात मिळतात. कार्बच्या दृष्टीनं या सगळ्या चांगल्या. फक्त फवारणी झालेल्या कपाशी-सोयाबीनच्या धुऱ्यावरून तोडू नका.

बेसन: सगळ्यात मोठी फसगत

भाकर सोडली की हात आपोआप बेसनाकडे जातो. झुणका, पिठलं, पाटोडी, सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर), बेसनाचं धिरडं. “ते चण्याचं आहे, चालतं” असं ऐकून लोक निर्धास्त खातात. १०० ग्रॅम बेसनात सुमारे ५८ ग्रॅम कार्ब असतात, त्यातला १० ग्रॅमच्या आसपास चोथा (न पचणारे तंतू). गव्हापेक्षा कमी हे खरं, प्रथिनं २२ ग्रॅम हेही खरं. पण भाकरीऐवजी नुसता झुणका पोटभर खाल्ला तर एका माणसाच्या वाट्याला सहज ५० ग्रॅम बेसन येतं, म्हणजे २९ ग्रॅम कार्ब. वर सांगितलेल्या लहान भाकरीपेक्षाही जास्त. सकाळी धिरडं, दुपारी झुणका आणि रात्री पाटोडीचा रस्सा झाला, तर भाकर सोडून काहीच साधलं नाही.

बेसन बंद करायची गरज नाही, प्रमाण उलटवा. तीनशे ग्रॅम मेथी, कांद्याची पात किंवा पानकोबी बारीक चिरा. दीड मोठा चमचा तेल, मोहरी, सहा पाकळ्या लसूण, हिरवी मिरची, हळद. भाजी घालून झाकण न ठेवता परता, तिचं पाणी पूर्ण आटू द्या. मीठ इथे टाका, आधी नाही; आधी टाकलं की पाणी सुटून भाजी शिजण्याऐवजी उकळते. आता कोरडं भाजून ठेवलेलं बेसन दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास, वरून भुरभुरवा आणि मंद आचेवर चार मिनिटं झाका. बेसनाचे कार्ब ९-१० ग्रॅमच राहतात. झुणका चिकट झाला तर भाजीत पाणी राहिलं होतं. कच्चा वास आला तर बेसन भाजलेलं नव्हतं. बेसनाऐवजी तीन चमचे शेंगदाण्याचा कूट घातला तर कार्ब आणखी उतरतात, आणि वांग्याच्या भाजीला तर तोच जास्त शोभतो.

पीठ लावलेली पालेभाजी, घट्ट करण्यासाठी बेसन घातलेली कढी, रश्शात घातलेलं फुटाण्याचं पीठ, हे सगळं याच खात्यात मोजा. मटणाचा रस्सा दाट करायला भाजलेलं खोबरं, तीळ आणि कांदा पुरतात. किलोभर मटणाला अर्धा किलो कांदा पडला तरी सहा जणांत वाटला तर प्रत्येकाला ७-८ ग्रॅम कार्ब येतात. त्याची चिंता नको.

डाळीचंही तसंच आहे. वाटीभर पातळ वरणात ३० ग्रॅम डाळ असते, १७ ग्रॅम कार्ब. एक वाटी ठीक, “भाताऐवजी वरणच पितो” म्हणून तीन वाट्या ठीक नाहीत. हिवाळ्यात तुरीचे आणि हरभऱ्याचे सोले (ओले दाणे) येतात, त्यांची भाजीही डाळीसारखीच मोजायची. हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा मात्र मोकळेपणानं खा: कोवळा पाला, कांदा, मिरची, मीठ, कच्चं तेल. पाला नीट धुऊन घ्या.

भाकर किती आणि तिच्या जागी काय

ज्वारीची भाकर शुगरला कितीही चालते, हा समज वऱ्हाडात पक्का बसला आहे. ज्वारीत चोथा चांगला आहे, पण १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब आहेत, गव्हाएवढेच. हातावर थापलेली नेहमीची भाकर ८० ते १०० ग्रॅम पिठाची असते. एका भाकरीत ५६ ते ७० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ४० ग्रॅम पीठ मोजून घ्या, ते घरातल्या ज्या लहान वाटीत बसेल त्या वाटीवर खूण करा. पुढे काटा लागत नाही. भाकर तळहाताएवढी होते आणि ती शेवटी खायची. आधी भाजी, अंडी किंवा पनीर, मग भाकर, अशा क्रमानं जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

दुसऱ्या जेवणाला भाकरीच्या जागी जवसाचं धिरडं करा. जवस आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्याच्या १०० ग्रॅममधल्या २९ ग्रॅम कार्बपैकी २७ ग्रॅम नुसता चोथा आहे. विकत मिळणारं बदामाचं पीठ शोधत तालुक्याला जायची काहीच गरज नाही. जवस तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजा, गार करा, अगदी बारीक दळा. दोन अंडी, दोन भरलेले मोठे चमचे जवसाची पूड (२० ग्रॅम), मूठभर चिरलेला सांबार, मिरची, जिरं, मीठ आणि दोन चमचे पाणी फेटा. मग दहा मिनिटं बाजूला ठेवा. हीच पायरी लोक गाळतात. या दहा मिनिटांत जवस पाणी पिऊन बुळबुळीत होतो आणि तोच गव्हातल्या चिकाचं काम करतो. तव्यावर चमचाभर तेल, आच मध्यम, मिश्रण चमच्याच्या पाठीनं पसरा, फार पातळ नको. दोन मिनिटं झाकण, कडा सुटल्या की उलटा. उलटताना फाटलं तर पूड जाडसर होती किंवा मिश्रण मुरलं नव्हतं. आत बुळबुळीत राहिलं तर पाणी जास्त पडलं. रबरासारखं झालं तर आच मोठी होती. यात चोथा वगळून कार्ब जेमतेम २ ग्रॅम आणि प्रथिनं १५ ग्रॅम.

पूड आठ-दहा दिवसांपुरतीच दळा. जवसाचं तेल लवकर खवट होतं आणि कडवट वास आला की ती फेकावी लागते. दिवसाला दोन-तीन चमचे पुरे, आणि सोबत पाणी भरपूर, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी अडकतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: दीडशे ग्रॅम किसलेली, पिळलेली लौकी, २० ग्रॅम ज्वारीचं पीठ, १० ग्रॅम जवस पूड, तीळ, मिरची. थालीपिठासारखं थापा. १८-१९ ग्रॅम कार्ब होतात.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे भात सोडणं भाकर सोडण्यापेक्षा अवघड, कारण मासळीचा रस्सा कशावर घ्यायचा हा प्रश्न असतो. पानकोबी भाताच्या शितासारखी बारीक कापा, अडीचशे ग्रॅमला दोन छोटे चमचे तेल, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. पाणी घालायचं नाही, झाकायचं नाही, मीठ शेवटी. हिवाळ्यात फूलकोबी किसून असंच. यावर रस्सा घेतला आणि सोबत तीन-चार घास खरा भात ठेवला तर जेवण परकं वाटत नाही.

प्रथिनं कमी पडली की भूक परत येते

पन्नास-साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन अंडी (१८), सोयाबीनच्या ४० ग्रॅम वड्या (२०), वाटीभर दही (८), मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (७), एवढ्यात ५३ होतात. महानुभाव, माळकरी किंवा श्रावण पाळणाऱ्या घरांत अंड्यांच्या जागी १०० ग्रॅम पनीर घ्या, तेवढीच प्रथिनं मिळतात.

सोयाबीनच्या वड्यांना वास येतो म्हणून त्या दुसऱ्यांदा कोणी करत नाही. मिठाच्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळा, निथळा, थंड पाण्यात घालून घट्ट पिळा, असं तीनदा करा. पहिल्या पिळण्याचं पाणी गढूळ आणि फेसाळ येतं, वास त्यातच असतो. मग तेलात लालसर परतून रश्शात टाका. न परतता टाकल्या तर स्पंजासारख्या लागतात.

घरच्या सोयाबीनचं पीठ करायचं असेल तर कच्चं दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. आठ तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास उकळा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. आणि पेरणीतून उरलेलं बियाणं, ज्याला लाल-गुलाबी औषध चोळलेलं असतं, ते कितीही धुतलं तरी खाण्यात घ्यायचं नाही, गुरांनाही नाही.

पनीर घरी करा. लिटरभर म्हशीच्या दुधाचं २०० ग्रॅमच्या आसपास निघतं, गाईच्या दुधाचं दीडशे. दूध उकळून खाली उतरवा, दोन मिनिटांनी दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घाला. पाणी हिरवट-स्वच्छ दिसलं की थांबा. ते पांढरंच राहिलं तर रस कमी पडला, पनीर चामट झालं तर उकळत्या दुधात रस घातला. दुधातली बहुतेक साखर त्या पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी लो-कार्बवाल्यानं पेलाभर पिऊ नये. घरातल्या इतरांच्या कणकेत वापरा.

अंडी पावसाळा-हिवाळ्यात आठवडाभर टिकतात. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दहाच्या वर आणू नका आणि धुऊन ठेवू नका. पाण्यात टाकल्यावर पूर्ण तरंगणारं अंडं फेका. मामा (माजी मालगुजारी) तलावांतले रोहू, कतला, मरळ, झिंगे मिळत असतील तर याहून चांगलं काही नाही. फक्त तळताना रवा-तांदळाचं पीठ लावू नका, हळद, मीठ, तिखट, लिंबू पुरे. शेंगदाणे घेताना काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेका. बुरशीचं विष त्यातच असतं आणि ते भाजल्यानं जात नाही.

तेल आणि मीठ

भाकर आणि तेल दोन्ही एकाच दिवशी कमी करणं, ही वारंवार होणारी चूक. तीन मोठ्या भाकरी गेल्या की ९०० कॅलरी गेल्या. निंदण-डवरणीला जाणाऱ्या माणसाच्या अंगातून हे चार दिवसांत बोलू लागतं. वजन उतरवायचं असलं तरी निम्मी भर परत घालावी लागते: भाजीत एक मोठा चमचा तेल जास्त (१२० कॅलरी), शेंगदाणे ३० ग्रॅम (१७०), खोबरं-तिळाची चटणी. घाण्यावरचं शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल चालतं, पण जवसाचं तेल तापवू नका, वरून घ्या.

पहिल्या आठवड्यात अंगातलं पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडतं. डोकं दुखणं, पिंडऱ्यात गोळे, उभं राहताना अंधारी, ही त्याचीच लक्षणं आहेत आणि लोकांना वाटतं अन्न कमी पडलं. दिवसातून दोन पेले पातळ ताक, प्रत्येकात पाव छोटा चमचा मीठ आणि जिरं. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे मीठ स्वतःहून वाढवू नये.

चार वाजताचा चहा

दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास कार्ब. गुळाचा चहा केला तरी तेवढेच. साखर एकदम तोडण्यापेक्षा दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. चहासोबतचे फुटाणे ५० ग्रॅम खाल्ले तर २८-२९ ग्रॅम. मुरमुरे, टोस्ट, “शुगर फ्री” बिस्किटं यांत पीठ असतंच. पाकिटामागे एकूण कर्बोदकांचा आकडा बघा. त्या वेळेला शेंगदाणे, काकडी, खोबऱ्याचा तुकडा. संत्रं एक, सोलून, जेवणाबरोबर. त्यात १५ ग्रॅमच्या आसपास. रस नको, पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात. सीताफळ त्याहून गोड.

संत्रं सोलल्यावर बोटं न धुता ग्लुकोमीटरवर साखर मोजली तर आकडा खोटा वर येतो, सालीचा रस बोटाला लागलेला असतो. साबणानं हात धुऊन, कोरडे करूनच मोजा. जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एका वेळी एकच पदार्थ बदला, तरच दोष कशात आहे ते कळतं.

एकच गंज (पातेलं), दोन ताटं

दोन स्वयंपाक कोणत्याच घरात महिनाभर चालत नाहीत. भाजी सगळ्यांची एकाच गंजात करा, फक्त दुप्पट, आणि त्यात आलू व बेसन टाकू नका. ज्याला हवा त्यानं आलू वेगळा परतून घ्यावा. लो-कार्बवाल्याच्या ताटात दुप्पट भाजी, अंडी किंवा पनीर आणि लहान भाकर. बाकीच्यांच्या ताटात नेहमीचंच. मुलांची आणि म्हाताऱ्यांची भाकर यात कापू नका.

शेतात न्यायच्या डब्यात उन्हाळ्यात दही, पनीर, उकडलेली अंडी नकोत. कोरडी भाजी, परतलेल्या सोयावड्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कच्चा कांदा, लहान भाकर. अंडी सकाळी घरी खाऊन निघा.

उपवासाला साबुदाणा आणि भगर दोन्ही टाळा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर. शेंगदाण्याचा कूट घातलेली लौकी, दही, काकडी, पनीर. औषध चालू असताना निरंकार उपवास डॉक्टरांना विचारूनच.

बाजार बुडाला तर

जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की बाजार बुडतो आणि आठवड्याचे चौदा दिवस होतात. यासाठी एका डब्यात वेगळा साठा ठेवा: सोयावड्या अर्धा किलो, शेंगदाणे एक किलो, जवस अर्धा किलो, खोबरं पाव किलो, आणि उन्हाळ्यात वाळवलेली गवार, वांगी व हरभऱ्याची भाजी. वाळवताना फोडी कडकड मोडेपर्यंत सुकल्या पाहिजेत. वाकत असतील तर ओल आहे आणि पावसाळ्यात बुरशी येणार. महिन्यातून एकदा डबा उन्हात उघडून बघा.

यातून एका माणसाचं जेवण असं: मूठभर वाळलेली गवार किंवा वांगी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. ४० ग्रॅम सोयावड्या वर सांगितल्याप्रमाणे उकळून पिळा. दोन मोठे चमचे तेलात लसूण, कांदा, तिखट, हळद परता, त्यात वड्या लाल करा, मग भिजलेली भाजी निथळून घाला आणि एक पेला पाणी. दहा मिनिटं शिजल्यावर दोन चमचे शेंगदाण्याचा कूट आणि एक चमचा भाजलेलं खोबरं. कूट आधी टाकला तर तळाला लागतो, म्हणून तो शेवटच्या तीन मिनिटांत. मीठ चाखून घाला, वाळवताना भाजीला मीठ लावलेलं असतं. दारात किंवा कुंडीत सांबार असेल तर वरून टाका.